बारा मेंढरांचा धनी

निवृत्तीनंतर माणसाचं व्हिजिटिंग कार्ड रद्दीत जातं. माझं नव्याने छापून आलं. वर नाव, त्याखाली ‘निवृत्त वरिष्ठ व्यवस्थापक’ आणि त्याच्याही खाली, किंचित ठळक अक्षरांत, ‘मेंढपाळ’. प्रेसवाल्याने विचारलं, "सर, हे आडनाव आहे का?" मी म्हटलं, "नाही, हे रक्त आहे." तो म्हणाला, "मग लाल शाईत घेऊ? थोडे जास्त पडतील." मी काळ्यातच घेतलं. रक्त असलं तरी पेन्शनरचं.

नेऱ्याच्या पुढे, प्रबळगड समोर दिसेल अशा बेताने घेतलेली वीस गुंठे जागा. तिच्यावर दोन खोल्या, एक बोअर, एक शेड. अकरा मेंढ्या, एक मेंढा, वाघ्या नावाचा कुत्रा, आई, बायको आणि मी. ही यादी उपयुक्ततेच्या उतरत्या क्रमाने केलेली नाही, पण तशी केली तरी शेवटचं नाव जागचं हलणार नाही.

फाटकावर ‘बाणाई’ अशी पाटी आहे. खंडोबाची दुसरी बायको बाणाई ही धनगराची लेक. तिच्यासाठी देवाने वेष पालटला आणि चंदनपुरीला तिच्या घरी चाकरीला राहून मेंढरं राखली. हा संदर्भ मी येणाऱ्या प्रत्येकाला न विचारता सांगतो. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या मुलाला तो आता पाठ झाला आहे. बायकोचं म्हणणं एवढंच, की देवाने निदान लग्न जमावं म्हणून राखली. तुम्ही लग्न होऊन पोराला पोर झाल्यावर कुणासाठी राखताय?

कुणासाठी म्हणजे काय? आम्ही माणदेशातले. आजोबांची मेंढरं होती. किती, हा आकडा माझ्या तोंडून दर दिवाळीला वाढतो. बँकेत लागलो तेव्हा शंभर होती, बढती मिळाली तेव्हा दोनशे झाली, निवृत्तीच्या भाषणात तीनशे सांगितली आणि हल्ली चारशेवर स्थिरावलो आहे. परवा पाहुण्यांपुढे मी हा आकडा टाकला तेव्हा आई आतून म्हणाली, "अजून धा वर्सांनी पेशव्यांच्या फौजंला मटान आपुनच पुरवत हुतो म्हणशील."

खरा आकडा फक्त तिलाच ठाऊक आहे आणि ती तो सांगत नाही. 1972 च्या दुष्काळात ती मेंढरं संपली. काही विकली, काही मेली, आणि वडील एक घोंगडं खांद्यावर टाकून मुंबईला आले. मशीद बंदरला त्यांनी पोती वाहिली. माथाडी कायदा 1969 चा, म्हणजे तो नुकता झालेला; अण्णासाहेब पाटलांच्या युनियनमुळे हमालाला हमाल असूनही माणूस म्हणवून घेता येऊ लागलं होतं. पुढे कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला आला, बाजारामागोमाग वडील आले आणि आम्ही कोपरखैरण्याचे झालो. मी शिकलो, बँकेत चिकटलो आणि कर्ज विभागात बसून आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेंढ्यांची प्रकरणं तपासली.

सरकारी योजनांत मेंढ्या सुट्या मिळत नाहीत, त्यांचा गट असतो. वीस मेंढ्या अधिक एक मेंढा. महामेष योजनेत या गटावर पंचाहत्तर टक्के अनुदान आहे. अशा प्रकरणांत मी मेंढीकडे कायम एकाच नजरेने पाहिलं: उद्या धनी बुडाला तर हिचे किती येतील? आता माझ्या बारा मेंढ्या रोज सकाळी रवंथ करत माझ्याकडे त्याच नजरेने पाहतात.

*

दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची आणि दगडाळ माळाची मेंढी आहे. माणदेशात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही पडला तर. पनवेलकडे तो तीन हजारांच्या घरात जातो आणि पडला नाही असं होत नाही. एवढ्या ओलीत मेंढीची खुरं कुजतात, छाती भरते, पोटात जंत माजतात. आमच्या वाडवडिलांनी यावर शेकडो वर्षांपूर्वी उपाय काढला होता: दिवाळीनंतर कोकणात उतरायचं आणि पावसाळ्याआधी घाट चढून परत जायचं. मी सुशिक्षित असल्याने वेगळा उपाय काढला. शेडला खांब दिले आणि जमिनीपासून चार फुटांवर लाकडी पट्ट्यांची जमीन ठोकून घेतली. पट्ट्यांच्या फटींतून लेंड्या खाली पडतात, मेंढ्या वर कोरड्या राहतात. शेजारचे पाटील बघायला आले, खाली वाकून, वर मान करून सगळं नीट पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, स्टिल्ट प्लस वन! ओसी मिळाली का?"

पाटलांना हसू द्या. त्या पट्ट्यांवर पावसाळ्याच्या पहाटे पाचला बारा मेंढ्यांची खुरं वाजायला लागली की गजराची गरज पडत नाही. मी पहिल्यांदा इथे राहायला आलो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे चित्र असं होतं: खांद्यावर घोंगडं, हातात काठी, पुढे मी आणि मागे माझ्या पावलावर पाऊल टाकणारा कळप. प्रत्यक्षात पुढे म्हातारी नावाची एक दात झिजलेली मेंढी असते, तिच्या मागे बाकीच्या दहा, त्यांच्या मागे वाघ्या आणि सर्वांत मागे मी. म्हातारी बांधावर थांबली की सगळा ताफा थांबतो. ती का थांबली हे कुणी विचारत नाही. हेड ऑफिसच्या परिपत्रकाला आम्ही तरी कुठे विचारत होतो!

मेंढ्याचं नाव चेअरमन. दिवसभर काही न करता तो ज्या गांभीर्याने उभा असतो त्यावरून दिलं आहे. त्याचा एकच कार्यक्रम: कोणी पाठमोरं वाकलं की सभा बरखास्त करायची. चाटण वीट बांधायला, खुराकाचं टोपलं उचलायला, चप्पल शोधायला, कशालाही मी वाकलो की चेअरमन दहा पावलं मागे जातो, मान खाली घालतो आणि ठराव मंजूर करतो. बायकोला तो असं करत नाही, कारण मका भरडा आणि शेंगदाण्याची पेंड तिच्या हातात असते. मेंढराला धनी कळत नाही, बादली कळते. आईला तर तो पाहिल्याबरोबर बाजूला होतो. आईच्या हातात बादलीही नसते आणि काठीही नसते.

पावसाळ्यात एकदा दोन मेंढ्या मलूल झाल्या. मी फोनवर वाचलं, पुस्तकात वाचलं, वहीत लक्षणं उतरवून काढली आणि डॉक्टरांना बोलावलं. ते येईपर्यंत आई शेडच्या पायऱ्या चढून वर गेली. तिने मेंढीचं डोकं मांडीत दाबून धरलं, अंगठ्याने डोळ्याची खालची पापणी ओढली, आतला रंग पाहिला, सोडून दिलं. "पांढरी फटक पडलीया. जंत." दुसरीची पापणी ओढली. "हिची बी." मग कुणी न सांगता बाकीच्या दहांच्याही पापण्या पाहिल्या आणि आणखी एक बाजूला काढली, जी मला ठणठणीत वाटत होती. तासाभराने डॉक्टर आले. त्यांच्या खिशात एक रंगीत कार्ड होतं, लालपासून फिक्यापर्यंत पाच पट्ट्यांचं. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यकांनी तयार केलेली पद्धत. पापणी ओढायची, आतला रंग पट्टीशी ताडून पाहायचा, किती रक्त जंतांनी प्यालं ते ठरवायचं आणि लागेल तिलाच औषध द्यायचं. त्यांनी बाराही तपासल्या आणि त्याच तीन बाजूला काढल्या. मी आईकडे अभिमानाने पाहिलं. जणू ती विद्या माझ्याकडूनच तिच्याकडे गेली होती. आईने डॉक्टरांना विचारलं, "ह्ये कारड केवढ्याला?"

लसीकरणाला आलेल्या मंडळींनी प्रत्येक मेंढीच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला मारला आहे. मेंढीचा आधार क्रमांक म्हणा. मोबाइलवर आकडा टाकला की तिची कुंडली उघडते. आईचं मात्र तसं नाही. पेन्शनच्या कामाला नेलं की मशीन तिचा अंगठा ओळखत नाही. दोरखंड, वाघरीची जाळी, लोकरीचं सूत, जातं, आणि नंतर तुर्भ्याच्या बाजारात निवडलेली कांद्याची पोती, यांत ते ठसे झिजून गेले. अंगठा दाबायचा, पुसायचा, परत दाबायचा. मागे रांग वाढते, खिडकीतला मुलगा कंटाळतो. ज्या अंगठ्याला मेंढीचं रक्त कळतं तो अंगठा कुणाचा, हे मशीनला कळत नाही. मला याचा राग येतो. आईला येत नाही. ती म्हणते, "माजा बी कान टोचा म्हनावं, बिल्ला मारा."

*

आता घोंगड्याविषयी. हा विषय निघाला की बायको भांडी घासायला उठते, तेव्हा वाचकांपैकी कुणाचं काही काम राहिलं असेल तर उरकून घ्यावं.

मेंढ्या घेतल्या त्याच दिवशी मी जाहीर केलं होतं की माझ्याच मेंढ्यांच्या लोकरीचं घोंगडं करून घेईन. नवी मुंबईत घोंगडं लागतं कशाला, हा प्रश्न मुलाने विचारला. खारघरच्या चौदाव्या मजल्यावर, एसी अठरावर ठेवून, पांघरूण घेऊन झोपणाऱ्याने तो विचारावा याचं मला हसू आलं.

मी रीतसर प्रकल्प अहवाल केला. दख्खनी मेंढीची वर्षातून दोनदा कातरणी होते आणि दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आसपास लोकर निघते. बारा मेंढरं, सहा किलो. घोंगड्याला अडीच-तीन किलो धरा. म्हणजे वर्षाला दोन घोंगडी, एक वापरायला आणि एक दाखवायला. अहवालाच्या शेवटी मी सवयीने ‘प्रस्ताव व्यवहार्य’ असंही लिहिलं आणि सही केली.

लोकर काय चीज आहे हे त्यानंतर कळत गेलं. दख्खनी लोकर जाडीभरडी, केसाळ. तिचा स्वेटर होत नाही, शाल होत नाही. सतरंज्या, जाड कांबळी, घोंगडी, एवढंच. एके काळी व्यापारी धनगरांच्या दारात यायचे. आज बऱ्याच ठिकाणी लोकरीच्या किमतीपेक्षा कातरणाऱ्याची मजुरी जास्त होते, म्हणून लोकर कातरून तिथेच टाकून देतात. कातरायची मात्र लागतेच, नाहीतर उन्हाळ्यात मेंढी घुसमटते आणि अंगात गोचीड लपतात. घाटावरून आलेल्या एका कातरणाऱ्याने आमची बारा मेंढरं एका सकाळी उरकली. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे, पोटापासून सुरुवात करायची आणि कातर कातड्याला न लावता अख्खी लोकर एका पातीत सोडवून घ्यायची. त्याला मी बारीक सूचना देत होतो. त्याने एका मेंढीनंतर कातर माझ्यापुढे धरली. माझ्या हातून निघालेली लोकर त्याने वेगळ्या ढिगात टाकली, आणि ती मेंढी पुढचे दोन महिने पाहुण्यांपुढे आली नाही.

लोकर झाली, आता सूत. पिंजून, पेळू करून चरख्यावर सूत काढणाऱ्या बायका उरल्यात कुठे? चौकशा केल्या. म्हसवडकडे आजही घोंगडी होतात. खड्डामागावर बसणारे सणगर कारागीर आहेत, पण पोरं त्या खड्ड्यात उतरायला तयार नाहीत. मी लोकरीचं पोतं एसटीने पाठवलं. कारागिरांनी कळवलं, बघतो. मग पाऊस आला, मग सण आले, मग त्यांच्या घरी लगीन निघालं. सरकारी दप्तरात ज्याला भिजत घोंगडं म्हणतात ते माझ्या बाबतीत शब्दशः घडलं, फक्त भिजायलासुद्धा ते अजून विणून व्हायचं होतं.

विणण्याआधी घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे, शिजवायचे, आणि ती खळ कुंच्याने सुताला लावायची. त्यामुळे नवं घोंगडं इतकं कडक होतं की कोपऱ्यात उभं केलं तर उभं राहतं. पावसाचं पाणी त्याच्यावरून निथळून जातं. डोक्यावरून खोळ घेतली की माणूस धोधो पावसात दिवसभर उभा राहू शकतो. तेच रात्री अंथरूण, तेच पांघरूण, तेच कोकराला गुंडाळून काखेत घ्यायला, तेच बाजारातून ज्वारी बांधून आणायला. जागरण-गोंधळाला चौक मांडायचा तो घोंगड्यावर. लग्नात पाव्हणा बसवायचा तो घोंगड्यावर. हे सगळं मी खारघरला मुलाच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सांगितलं. तोवर एकदाचं विणून आलेलं घोंगडं अंगावर घेऊनच सांगितलं. जानेवारीची दुपार होती, अंगाला घाम आणि घामाला लोकर. एकाने विचारलं, "काका, मॅट आहे का ही? योगाची?" मी खंडोबापासून पुन्हा सुरुवात केली.

परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा पनवेलपासून नेऱ्यापर्यंत रिकामी राहिली. उभे राहिलेले लोक होते, तरीही. मेंढराच्या वासाचं एक बरं असतं, ज्याच्या अंगाला येतो त्याला येत नाही. मी खिडकीपाशी ऐसपैस बसलो आणि लोकांना माझ्याबद्दल आदर वाटत असणार असं धरून चाललो.

घोंगडं पहिल्यांदा घरी आलं त्या संध्याकाळी मी ते आईच्या मांडीवर ठेवलं होतं. वाटलं, आता डोळे भरून येतील. तिने उलगडलं, दोन्ही काठ ओढून पाहिले, मध्ये एका काळ्या पट्ट्यावर अंगठा फिरवला. "ही म्हातारीची लोकर. ही चेअरमनची, राठ हाय." मग बराच वेळ ते तसंच धरून बसली. नंतर म्हणाली, "तुजा बा मुंबईला आला तवा असंच एक हुतं. पाठीवर घडी घालून टाकायचा आन् त्याच्यावर पोतं घ्यायचा. पाठ सोलू नये म्हनून." हे मला ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या भाषणात मी तीनशे मेंढरं सांगितली होती, घोंगडं सांगितलं नव्हतं.

त्या रात्रीपासून घोंगडं आई अंथरते. संक्रांतीला मी ते तिच्याकडून मागून नेलं होतं, आणि परत आल्यावर तिने ते आधी उन्हात टाकलं.

*

शनिवार-रविवारी मुलाचे मित्र येतात. ‘किती शांत आहे हो इथे’ म्हणतात, मेंढीला मिठी मारून फोटो काढतात, कोकरू मांडीवर घेतात आणि दुपारी मटण कुठे चांगलं मिळतं ते विचारतात. मी त्यांना चारशे मेंढरांची गोष्ट सांगतो. कुणीतरी नक्की म्हणतं, "काका, तुम्ही खरं आयुष्य जगताय." मी नम्रपणे मान खाली घालतो, तेवढ्यात मागून चेअरमन येतो.

खरं आयुष्य जगणारे दिवाळीनंतर येतात. माण-फलटणकडच्या मेंढपाळांचा एखादा वाडा घाट उतरून खाली येतो. पुढे मेंढरं, मागे घोडी; घोड्यांवर भांडी, जाळी, करडं, कोंबड्या आणि कधी कधी एखादं पोर. पूर्वी भात कापून झालं की इकडची खाचरं मोकळी असायची आणि शेतकरी मेंढरांची वाट बघायचे. कुणाच्या शेतात किती रात्री मेंढरं बसवायची याची बोली आधीच ठरायची. लेंड्या आणि मुतानं जमीन कसदार होई, आणि शेतकरी बदल्यात भात देई, पुढे पैसे देऊ लागला. बेलापूर, उलवे, उरण, पनवेल, या सगळ्या पट्ट्यात खाचरं होती.

मग 1970 मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर शहर आखलं गेलं. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि जानेवारी 1984 मध्ये जासई-दास्तानला गोळीबारात पाच माणसं गेली. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. ज्यांची जमीन गेली त्यांना भांडून निदान साडेबारा टक्के मिळाले. ज्यांची वाट गेली त्यांना काहीच मिळालं नाही. मिळणार कसं? वाटेचा सातबारा नसतो. धनगराने इथे कधी गुंठाभर जागा मागितली नव्हती. त्याला फक्त या शेतातून त्या शेतात जाता यायला हवं होतं. आता उलव्याच्या खाचरांच्या जागी विमानतळ आहे, 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडतात. बाकीच्या ठिकाणी इमारती, आणि इमारती नसतील तिथे कंपाउंड. आत गवत वाढलेलं, बाहेर पाटी: ‘ही जागा विकणे नाही.’ मालक पुण्याला, दुबईला, खारघरला. भाव वाढायची वाट बघत.

मागच्या वर्षी असाच एक वाडा आमच्या फाटकाशी थांबला. मेंढपाळ माझ्यापेक्षा वयाने लहान, पण चेहऱ्याने थोरला. म्हणाला, "पाव्हणं, एक रात बसवू का? म्होरं समदी भितीच हायत." मी विचारलं, किती आहेत? "दोनशे." माझ्यातला कर्ज अधिकारी जागा झाला. बायकोची कोथिंबीर, बोअरचं पाणी, कंपाउंडची जाळी, आमच्या मेंढ्यांना यांच्या मेंढ्यांची रोगराई. मी "त्याचं असं आहे..." असं म्हणायला तोंड उघडलं, तोपर्यंत आईने फाटक उघडलं होतं. ‘बाणाई’ची पाटी त्या धक्क्याने एका खिळ्यावर लोंबकळू लागली.

दोनशे मेंढरं किती जागा घेतात? जाळीची वाघर लावली, आणि वीसपैकी दोन गुंठ्यांत दोनशे मेंढरं एकमेकांना टेकून बसली. माझ्या बारा मेंढ्या चार फूट उंचावरून खाली बघत राहिल्या. चेअरमनने एकदा पट्ट्यांवर पाय आपटला, खालच्या एका मेंढ्याने मान वर करून पाहिलं, आणि चेअरमन आतल्या बाजूला जाऊन बसला. मी आईला म्हटलं, "बघ, आपल्या किती कोरड्या आहेत." आई म्हणाली, "तुजी बसल्यात लेका. मेंढरू चालाय पायजे."

तीन दगडांच्या चुलीवर मेंढपाळाच्या बायकोने भाकरी टाकल्या. आई तिच्या शेजारी जाऊन बसली. मला वाटलं, आता जुन्या आठवणी निघतील, ओव्या निघतील. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू केलं. आईने विचारलं ते इतकंच, की पोरगी कितवीला आहे. बाई म्हणाली, "सातवीला हाय. गावाकडं म्हातारीपाशी ठेवलीया." आई म्हणाली, "तितंच ठेव. मेंढरामागं आनू नगंस." दोघी गप्प झाल्या. पुन्हा भाकरीचा आवाज येऊ लागला. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एवढंच आहे, आणि मधून वरून गेलेलं एक विमान.

जी बाई सातवीतल्या पोरीला मेंढरामागे येऊ देत नाही, तीच दोनशे मेंढरांना फाटक उघडते, यात मला आधी विसंगती वाटली. आता वाटत नाही. मेंढरामागे चालणं किती कठीण आहे हे तिला माहीत आहे. म्हणूनच चालणाऱ्याच्या वाटेत भिंत घालू नये, हेही तिलाच माहीत आहे. रक्तात मेंढरं असल्याचा दावा मी करतो. तिने तसं कधी म्हटलेलं नाही.

पहाटे त्यांनी वाघर गुंडाळली. निघताना मेंढपाळाने शेडकडे मान वर करून पाहिलं. "मेंढा झ्याक हाय पाव्हणं. पर चालवत जावा, प्वाट सुटलंय." असं म्हणताना त्याची नजर चेअरमनवरून माझ्यावर आली आणि माझ्यावरच थांबली. त्या दोन गुंठ्यांत यंदा बायकोची कोथिंबीर गुडघ्याएवढी झाली. श्रेय मी घेतो, लोकांना आकडेवारीही देतो.

असो. वाचकांना दोन विनंत्या करून संपवतो. दिवाळीनंतर सायन-पनवेल महामार्गावर किंवा जेएनपीटी रोडवर मेंढरं आडवी आली तर हॉर्न वाजवू नका. हॉर्नने मेंढरं बाजूला होत नाहीत, भेदरून एकमेकांत घुसतात आणि तुम्हाला आणखी उशीर होतो. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, म्हातारी बांध ओलांडेल. आणि तुमचा उरण-पनवेलकडे कुठे मोकळा प्लॉट पडून असेल, तर एखाद्या रात्री फाटक उघडा. लेंडीखताचं बिल कुणी पाठवत नाही, आणि प्लॉटचा भाव एका रात्रीत उतरत नाही.